स्पासच्या आधीचं सफरचंद

कापितोलिनाला कुणी सफरचंदाचं रोप दाखवायला आणलं की ती आधी विचारायची, "ह्याची आई हिवाळ्यात कुठं असते?"

माणूस गांगरायचा. बाजारातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं रोप त्याच्या हातात, रोपाला चिठ्ठी, चिठ्ठीवर मुठीएवढ्या लाल फळाचं चित्र, आणि ही बाई रोपाच्या आईची चौकशी करतेय. मग ती समजावून सांगायची. समजावून कसलं, झापायचीच. ज्या झाडाची काडी कापून हे कलम बांधलं, ते झाड कुठं वाढलं? तिथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते का? नसेल गोठत, तर घरी ने, चार दिवस खिडकीत ठेवून कौतुक कर आणि मग चुलीत घाल.

आमच्या बागा ओब नदीच्या धरणापासून फार लांब नाहीत. वारा सुटला की पाण्याचा वास येतो. रेल्वेचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्याने आम्हा कामगारांना सहा-सहा गुंठे दिले होते. त्यात फळ्यांचं एक खोपटं, बटाटे, कांदे, बेरींची झुडपं आणि नशीब असेल तर सफरचंद. कापितोलिना आणि मी एकाच खात्यात डब्यांना रंग मारायचो, आणि बागाही शेजारी-शेजारी मिळाल्या. मधल्या कुंपणाची एक फळी पहिल्याच वर्षी पडली. ती आम्ही कधी बसवली नाही, कारण त्या फटीतून बोलणं सोपं जायचं. माझं नाव फाईना. तिला मी कापा म्हणायची, ती मला फाया.

सफरचंद कोणतं लावायचं, याबद्दल तिचा हिशोब साधा होता. एक रानेत्का. बोराएवढं फळ, तोंड वाकडं करणारं आंबट, पण कसल्याही थंडीत उभं राहतं. दुसरं, रानेत्काचं मोठ्या सफरचंदाशी लग्न लावून झालेलं संकरित. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं, चव बरी. कडक हिवाळ्यात फांद्यांची टोकं जळतात, पण झाड सावरतं. आणि तिसरे दक्षिणेकडचे राजेमहाराजे. मोठे, गोड, पातळ सालीचे. ते आमच्याकडे उभे राहूच शकत नाहीत. त्यांना लहानपणापासून आडवं वाढवावं लागतं, जमिनीलगत. शरद ऋतूत फांद्या लाकडी आकड्यांनी मातीला दाबायच्या, वर देवदाराच्या फांद्या अंथरायच्या, त्यावर बर्फ ओढायचा. बर्फाखाली झाड मरत नाही. वसंतात पांघरूण लवकर काढलं तर ऊन आणि गारठा मारतो, उशिरा काढलं तर साल कुजते.

"उभं राहील तेच लावा," ती सगळ्यांना सांगायची. "निजणारं झाड पाळणं म्हणजे जन्माचं दुखणेकरी माणूस सांभाळणं. एक वर्ष चुकलात की संपलं."

आणि हिच्या स्वतःच्या बागेत, माझ्या कुंपणालगत, एक बेली नालीव जातीचं सफरचंद आडवं पडलेलं. पांढरट, रसाळ, दक्षिणेतल्या दक्षिणेकडचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी मनात म्हणायची, मोठ्याने कधी नाही. आमच्या रांगेत कुणीच म्हणायचं नाही.

म्हटलं ते तिमोफेईने. हा ट्रॉलीबस चालवायचा, समोरची बाग त्याने नव्याने घेतली होती, आणि माणूस म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मे महिन्यात तो एक रोप नाचवत कापाकडे आला. तो तिला मानाने वडिलांच्या नावावरून झखारोव्हना म्हणायचा.

"झखारोव्हना, बघा तरी! विकणारा म्हणाला, एका सफरचंदात दोघांचं पोट भरतं."

"भरतं की. विकणाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं," कापा म्हणाली.

"अहो पण चित्र बघा!"

"चित्राला थंडी वाजत नाही. आई कुठली?"

"कुबानकडची म्हणाला."

"कुबानकडं लोक जानेवारीत टोपी न घालता फिरतात. परत कर जा."

"मग आडवं वाढवतो की, तुमच्यासारखं!" तिमोफेईला स्वतःचाच विनोद आवडला. "आम्हाला सांगता उभं राहील तेच लावा, आणि स्वतः दरवर्षी एका राजपुत्राला पांघरूण घालून झोपवता!"

मी कांद्याच्या वाफ्यात होते. माझा हात तिथंच थांबला.

कापा चिडली नाही. हात एप्रनला पुसले आणि म्हणाली, "त्याला निजवायला मी आहे. तुझ्या झाडाला कोण आहे? तू शनिवारचा पाहुणा." आणि खोपट्यात निघून गेली.

मी तिमोफेईला कुंपणापाशी बोलावलं. "अक्कल गहाण ठेवलीस का रे? ते झाड व्हेन्याचं आहे."

"व्हेन्या कोण?"

आता आली पंचाईत. व्हेन्या कोण हे सांगायचं तर आधी ठरवायला हवं, आहे म्हणायचं की होता.

व्हेनियामिन तिचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेला, मग हे दोघंच. फौजेतली नोकरी दक्षिणेत करून परतताना त्याने त्या बेली नालीवच्या काड्या आगगाडीने आणल्या. सबंध वाटभर ओल्या पायपट्टीत गुंडाळून, डब्यात लोकांच्या शिव्या खात. कापाने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, हे मरेल इथं." तो म्हणाला, "मरत नाही, मी निजवीन त्याला," आणि एक काडी इथल्या रानेत्काच्या मुळावर बांधली. दोन हिवाळे त्याने खरंच निजवलं. आकडे त्यानेच बर्चच्या लाकडाचे कोरले होते. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, बर्फ पातळ झालाय, आता पुरे म्हणून सगळे बजावत असताना, तो धरणाच्या बर्फावर मासे धरायला गेला. दुपारी वारा फिरला आणि बर्फ फुटला. माशांची पेटी सापडली, एक हातमोजा सापडला. व्हेन्या सापडला नाही.

"जो सापडला नाही, त्याला पुरायचं कसं?" कापा म्हणाली. बरोबर होतं. पण मग तिने कशालाच हात लावू दिला नाही. चर्चमध्ये मेणबत्ती नाही, मृताच्या नावाचं जेवण नाही. बायका समजवायला गेल्या, त्यांना फाटकातूनच परत लावलं. त्या शरदात ती एकटीच आकडे घेऊन बागेत आली आणि झाड निजवलं. त्यानंतर दर शरदात. फांद्या दाबायच्या, वर हिरव्या फांद्या अंथरायच्या, कडेने हलक्या हाताने चेपायचं. मी फटीतून बघायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्याकडे देवदाराच्या फांद्या दोनच ठिकाणी अंथरतात. हिवाळ्याआधी झाडावर, आणि नव्या थडग्यावर.

आणि तरी मला सगळ्यात भीती वाटायची ती उन्हाळ्यातल्या एका दिवसाची.

ऑगस्टमध्ये स्पासचा सण येतो. सफरचंदं टोपलीत घालून चर्चला न्यायची, पाणी शिंपडून घ्यायचं आणि मग खायची. इतर लोक आधी खातात, कोण बघतंय! पण ज्या आईचं लेकरू गेलंय, ती स्पासच्या आधी सफरचंद तोंडात घालत नाही. त्या दिवशी वर, त्या जगात, लेकरांना सफरचंदं वाटतात म्हणे. ज्याच्या आईने आधी खाल्लं, त्या लेकराला सांगतात, "तुला नाही. तुझा वाटा डुकराने खाल्ला." मी कारखान्यात युनियनच्या सभांना टाळ्या वाजवलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण माझी ल्युस्या गेली तेव्हा तिला दोनच दात आले होते. मी स्पासच्या आधी सफरचंद खात नाही.

जमिनीलगत ऊब असते, त्यामुळे कापाचं आडवं झाड सणाच्या चांगलं आधी पिकायचं. पहिलं फळ हाती आलं की ती मधल्या वाटेवर यायची. सगळ्या बायका वाफ्यांत वाकलेल्या असताना, भर दुपारी. सफरचंद एप्रनला पुसायची आणि कचकन चावायची. एकेक घास, सावकाश, बिया थुंकेपर्यंत. कुणी वर बघायचं नाही. पण तो कचकन आवाज आमच्या रांगेत शेवटच्या बागेपर्यंत ऐकू जायचा. माझा मुलगा जिवंत आहे, एवढंच ती सांगत असायची, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

वर्षं गेली. कारखाना बंद पडला, आम्ही म्हाताऱ्या झालो. झाडही म्हातारं झालं. फांद्या मनगटाएवढ्या जाड झाल्या, वाकेनात. मग मी मदतीला जाऊ लागले. मी फांदीवर गुडघा ठेवायची, ती आकडा ठोकायची.

त्याच सुमारास मला तिच्या फाटकाची कडी ऐकू येऊ लागली. संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. खळ्ळ, आणि मग कापाचा आवाज, हळू, कुणाशी तरी बोलल्यासारखा. मी म्हणायची, वारा. पण वाऱ्याला फाटक ढकलता येतं, कडी उचलता येत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला परत माझ्या खोपट्यात एकटीला झोपायचं होतं.

मग तो ऑक्टोबर आला. जमीन वरून कडक व्हायला लागली होती. मी नेहमीसारखी फटीतून पलीकडे गेले, मुख्य फांदीवर गुडघा टेकला आणि जोर दिला. फांदी कण्हली. लाकूड कण्हतं, त्यात नवल नाही. पण कापाच्या हातातून हातोडा पडला.

"सोड," ती म्हणाली. "फाया, सोड त्याला."

"अगं मोडली नाही. जरा दम धर."

"सोड म्हणते ना!"

मी बाजूला झाले. ती जमिनीवरच बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

"तो येतो, माहितीये ना तुला?"

"कोण येतो? उगाच काहीतरी..."

"कडी ऐकतेस तू. मला माहितीये ऐकतेस." ती झाडाकडे बघत बोलत होती. "तशीच टोपी, खांद्यावर बर्फ पोखरायचं गिरमिट. गुडघ्यापर्यंत भिजलेला. दरवेळी तेच म्हणतो. 'आई, आज काही गळाला लागलं नाही. उद्या परत जातो.' आणि म्हणतो, 'पाय का वाळत नाहीत गं माझे?' फाया, त्याला माहीतच नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. "मग सांग ना त्याला!"

"कसं सांगू? आईने सांगायचं? मी इतकी वर्षं सगळ्या जगाला सांगत आले, तो आहे म्हणून. त्याने ते ऐकलं आणि तो राहिला. मेलाही नाही, जगतही नाही. असा." तिने झाडाकडे हात केला. "निजवते, उठवते, निजवते. मी गेल्यावर काय? तू किती वर्षं गुडघा ठेवशील? आणि तूही गेल्यावर? बर्फाखाली कुणी उठवायची वाट बघत पडून राहील पोर."

मी म्हटलं, आपण एखादी काडी काढून ठेवू, दुसऱ्या मुळावर बांधू. तिने मान हलवली. मग उठली, एकेक आकडा उपटला, खोपट्यातून बांबूसारख्या लांब काठ्या आणल्या आणि फांद्यांना खालून टेकू दिले. जन्मभर आडवं वाढलेलं झाड ते. ते काही सरळ झालं नाही, कोपरावर रेलून उठू पाहणाऱ्या माणसासारखं दिसत होतं. पण जमिनीपासून सुटलं.

"एक हिवाळा उभा राहू दे त्याला," ती म्हणाली.

तो हिवाळा काही फार वाईट नव्हता. आमच्या हिशोबाने. जानेवारीत, उंदरांनी साल कुरतडू नये म्हणून खोडांभोवतीचा बर्फ तुडवायला मी स्कीवरून बागेत गेले, तेव्हा ते झाड बर्फाच्या वर काळंभोर उभं होतं. मी त्याच्याकडे न बघता काम उरकलं आणि निघाले. फाटकाची कडी माझ्यामागे वाजली. मी वळून बघितलं नाही.

आणि मे महिन्यात ते फुललं!

असं फुललं की मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पान दिसेना, नुसता पांढरा-गुलाबी फेस. मी ओरडतच फटीतून शिरले. "कापा! अगं जगलं! उभ्याने जगलं गं!" तिमोफेईसुद्धा धावत आला. "बघा झखारोव्हना, आणि तुम्ही मला..."

कापा झाडाखाली पालथ्या बादलीवर बसली होती. तिने चाकू काढला, फुलांनी लगडलेली एक डहाळी कापली आणि कापलेलं टोक आमच्यापुढे धरलं. सालीच्या आत लाकूड कडक चहाच्या रंगाचं होतं. पार गाभ्यापर्यंत.

आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोडात साठलेल्या शेवटच्या ओलाव्यावर झाड फुलतं, तो संपला की जागच्या जागी वाळतं. खालून काही वर येत नाही.

"गेलंय ते," ती म्हणाली. "त्याला अजून कळलेलं नाही."

तिमोफेईने टोपी काढली. त्या माणसाला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपणालगत मुळ्याचं बी पेरत होते. पलीकडे कडी वाजली. स्वच्छ ऊन, वाऱ्याचं नाव नाही, फुलांवर मधमाश्यांची गुणगुण. मग कापाचा आवाज आला, लहान पोराशी बोलतात तसा.

"ये. इथं बस, झाडाखाली. बस रे, बूट राहू देत. व्हेन्या, मी काय सांगते ते ऐक. त्या दिवशी बर्फ फुटला. तू माघारी आला नाहीस. नाही, ऐक. लोकांनी शोधलं, खूप शोधलं. मीही शोधलं. तू पाण्यातच राहिलास, बाळा. म्हणून वाळत नाहीत पाय." बराच वेळ काही नाही. मग, "नाही. आता उद्या जायचं नाही. आता कुठंच जायचं नाही. दमला असशील."

मी मातीत तोंड खुपसून रडले. मला त्याचा आवाज ऐकू आला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण ती ज्या ठिकाणी थांबत होती, तिथं उत्तराएवढी जागा होती.

फुलं एका वाऱ्यात झडली. पानं उमलता उमलता करपली. जूनमध्ये तिमोफेईने करवत आणून झाड कापलं, काम होईपर्यंत जीभ आवरून. मुळाशी, कलमाच्या खालून, रानेत्काचे हिरवे कोंब फुटले होते. मूळ इथलंच होतं, ते कशाला मरतंय.

"ह्याच्यावर काय बांधणार, झखारोव्हना? कोणतं सांगा, मी काडी आणून देतो."

"काही नाही. हे उभं राहतं," कापा म्हणाली, आणि एक कोंब ठेवून बाकीचे खुडून टाकले.

कडी पुन्हा वाजली नाही. पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, दिवे लागायच्या वेळेला कापा फाटकाकडे तोंड करून बसते आणि अंधार पडला तरी उठत नाही.

"फाटक वाजत नाही गं आता," एकदा म्हणाली.

"वारा नाही ना," मी म्हटलं. याहून मूर्ख उत्तर मला सुचलं नाही.

ऑगस्ट लागला. माझ्या संकरित झाडाचं पहिलं फळ पिकलं, लाल, अंड्याएवढं. दरवर्षी मी ते तोडून खिडकीत ठेवते आणि सणाची वाट बघते. त्या वर्षी मला वाटलं, कापाजवळ आता स्वतःचं सफरचंद नाही. वाटेवर उभं राहून खायला तिच्याकडे काही नाही. तिचा तो कचकन आवाज मला कधीच सहन झाला नव्हता, आणि आता तो नसणं त्याहून सहन होईना. मी ते फळ घेऊन फटीपाशी गेले.

"घे," मी म्हटलं. "पहिलं आहे."

तिने घेतलं. एप्रनला पुसलं. नाकाशी धरून वास घेतला. मी तोंड फिरवलं आणि वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

वळून बघते तर तिने ते फटीच्या आडव्या फळीवर ठेवलं होतं, आमच्या दोघींच्या मधोमध.

"स्पास कधी आहे?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"मग राहू दे तोवर." तिचा हात अजून सफरचंदावरच होता. "फाया, इतकी वर्षं मी त्याचा वाटा खाल्ला गं. सगळ्यांना सफरचंदं वाटत असतील, आणि माझं पोर हात पुढे करून उभं असेल. ओल्या बुटांनी."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी आधीच सांगितलंय.

"ल्युस्याने दिलं असेल त्याला," मी म्हटलं. "दोनच दात होते तिला. आख्खं सफरचंद कुठं संपतंय तिच्याच्याने!"

कापा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फटीतून हात घालून माझा हात धरला, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. सफरचंद मंगळवारपर्यंत त्या फळीवरच होतं.